बोरॉनच्या रेटवरून आलेल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू वाचला. शनिवारी गर्दीत तुम्हाला ताटकळत थांबावं लागलं, काउंटरवरचा मुलगा नीट बोलला नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी, त्याला समज दिलीय. पण पुढं तुम्ही लिहिलंय की "सोनाराचा टाकणखारच बोरॉन म्हणून डबल रेटला विकतात, लुटारू आहेत", ते मात्र फार लागलं. पंचवटीत मार्केट यार्डाच्या बाजूला आमचं खताचं दुकान वडिलांपासून आहे, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षवाले भरवशावर माल नेतात, आणि असा शब्द वाचून उद्या कुणी पायरीवरूनच मागं फिरला तर मी काय करायचं? म्हणून सविस्तर लिहितोय, राग मानू नका.

तुम्ही आमच्याकडून बोरॉन 20 टक्के, म्हणजे पिकाला अगदी थोडं लागणारं फवारणीचं खत, एक किलो, 340 ला नेलं. नंतर दुसरीकडं 190 ला किलो मिळालं. दोन्ही पाकिटांचा फोटो तुम्हीच टाकलाय, तो जरा मोठा करून बघा, 190 वाल्या पाकिटावर खाली बारीक अक्षरात बोरॉन 10.5 टक्के लिहिलंय. म्हणजे त्या किलोत बोरॉन आलं 105 ग्रॅम आणि आमच्या किलोत 200 ग्रॅम. आता भागाकार करा, तिथं एक ग्रॅम बोरॉन पडलं एक रुपया एक्क्याऐंशी पैशाला, आमच्याकडं एक रुपया सत्तर पैशाला. मग महाग कोण दादा?

टाकणखार म्हणजे बोरॅक्स, त्यात बोरॉन असतंच, त्यात तुमचं काहीच चुकीचं नाही, आणि तो माल खोटा आहे असंही मी म्हणत नाही. सराफ बाजारात दागिन्याला डाग लावायला, म्हणजे जोड द्यायला, तोच वापरतात. पण त्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे दहा रेणू चिकटलेले असतात. वजनात बघितलं तर एक किलो टाकणखारात साधारण 470 ग्रॅम नुसतं पाणीच, वरून कोरडी पावडर दिसते म्हणून कळत नाही. आम्ही दिलं ते डायसोडियम ऑक्टाबोरेट टेट्राहायड्रेट, त्यात पाण्याचे फक्त चार रेणू आणि बोरॉनचे आठ अणू, म्हणून त्याच वजनात बोरॉन जवळपास दुप्पट बसतं. हे नाव पाकिटावर छापलंय, टक्केवारी छापलीय, एमआरपी छापलीय, बिल पक्कं दिलंय. यात लपवलं काय?

आणि फवारणीला फरक नुसत्या रेटचा नाही, विरघळण्याचा पण आहे. फ्लॉवरिंगच्या आधी 500 लिटरच्या टाकीला लिटरला 1 ग्रॅमने 500 ग्रॅम आमचं बोरॉन लागतं, तुम्ही ते आधी दहा लिटरच्या बादलीत कालवून घेणार, ते आरामात विरघळतं. तेवढंच बोरॉन टाकणखारातून द्यायचं तर साडेनऊशे ग्रॅम त्याच बादलीत टाकावा लागेल, आणि वीस डिग्रीच्या पाण्यातसुद्धा दहा लिटरमध्ये तो पाचशे ग्रॅमच्या आसपासच विरघळतो. निफाड पट्ट्यात थंडीतलं सकाळचं पाणी कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, काठीने कितीही ढवळा, बुडाला खडीसाखरेसारखे दाणे तसेच राहतात आणि मग ब्लोअरचं, म्हणजे फवारणीच्या मशीनचं, नोझल चोक. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, लोक फिल्टर काढून दाखवायला दुकानात आणतात.

"बोरॉन-बिरॉन सगळं दुकानदारांचं फॅड" असंही तुम्ही लिहिलंय. दादा, झाडाला बोरॉन लागतंच हे 1923 मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात कॅथरिन वॉरिंग्टन यांनी घेवड्याच्या जातीच्या झाडावर दाखवून दिलं. द्राक्षात परागकण रुजायला, परागनळी वाढायला ते लागतं, कमी पडलं की सेटिंग, म्हणजे फुलाचं फळ होणं, बिघडतं आणि घडात मोठ्या मण्यांच्या मधेमधे बारके बिनबियांचे मणी राहून जातात. आपल्याकडच्या चुनखडीच्या, जास्त पीएचच्या जमिनीत असलेलं बोरॉनसुद्धा मुळांना नीट मिळत नाही. तरीपण मी कुणाला डोळे झाकून टाका असं म्हणत नाही, कारण कमी आणि जास्त यातलं अंतर बोरॉनमध्ये फार थोडं आहे, जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. म्हणून तर तुम्हाला देठ परीक्षणाचा, म्हणजे पानाच्या देठात कुठलं अन्नद्रव्य किती आहे ते तपासल्याचा, रिपोर्ट आहे का विचारलं होतं, तुम्ही फोनवर होता, हाताने "द्या द्या" केलंत. ते रिव्ह्यूत आलं नाही, आणि चौथ्या दिवशी फोडलेलं अर्धं पाकीट परत घ्या म्हणालात तेपण आलं नाही. फोडलेलं खत मी परत घेऊन दुसऱ्या शेतकऱ्याला कसं देऊ?

रेट आमच्या हातात नाही हेही सांगतो, बोरॉनचा कच्चा माल आपल्याकडं बाहेरून येतो, जगातला सगळ्यात मोठा साठा तुर्कस्तानात आहे, डॉलर हलला की इथं पाकिटाचा भाव हलतो. आमचं मार्जिन किती राहतं ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

बाकी काउंटरवर टक्केवारीचा बोर्ड लावायचं चाललंय, गर्दीचंही काहीतरी बघतोच. तुमच्याकडं उरलेलं पाकीट फेकू नका, तोंड घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा, चांगलं टिकतं. आणि ते 190 वालं वापरणार असाल तर आमच्या बिलावर लिहिलेला डोस त्याला लावू नका आणि त्याचा डोस याला लावू नका, दोन्हीचं प्रमाण वेगळं आहे. रिपोर्ट घेऊन दुपारच्या वेळेला या, मी स्वतः बसून हिशोब करून देतो, काही घेतलं नाही तरी चालेल. फक्त तो "लुटारू" शब्द तेवढा काढा दादा, एवढीच विनंती.