बाई, दोष आधीच वाटून झालेला असतो

नमस्कार बाई,

तुम्ही तीस वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवलंत. त्यामुळे मुंबईतल्या प्रत्येक नवजात बाळाची जनुकीय चाचणी व्हावी असं सांगणारा माझा लेख तुम्हाला खटकला, तेव्हा तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मगच लिहायला बसले. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: प्रत्येक प्रसूतिगृहात कानांची साधी तपासणी झाली तरी पुरे, रक्त काढून जनुकं शोधणं हा पैसेवाल्यांचा सोस आहे. जनुकाचं नाव कळलं की सासरचे सुनेकडे बोट दाखवणार. आणि आज जन्मलेल्या बाळाला तपासणारे उद्या अशी बाळं जन्मूच देणार नाहीत. शेवटी तुम्ही एका माजी विद्यार्थिनीबद्दल लिहिलंय. ती आणि तिचा नवरा दोघंही कर्णबधिर, तिला सातवा महिना लागलाय आणि माझा लेख वाचून ती घाबरली आहे. हे वाचून फार वाईट वाटलं. तिच्याबद्दल शेवटी लिहिते.

सुनेच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो माझ्या घरात घडलेला आहे.

मुलगी झाली तेव्हा आम्ही चिंचपोकळीला रुळांना लागून असलेल्या चाळीत राहत होतो. नर्सिंग होममध्ये दुसऱ्या दिवशी तिची ओएई, म्हणजे कानांची साधी तपासणी झाली. कानात छोटं बूच घातलं, मशीनवर हिरवा दिवा लागला आणि ‘दोन्ही कान पास’ अशी चिठ्ठी मिळाली. ती चिठ्ठी मी लसीकरणाच्या कार्डात जपून ठेवली होती. घरी कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकायची नाही, पण लोकल धडधडत गेली की डोळे मोठे करून खिडकीकडे बघायची. आम्ही म्हणायचो, ऐकतेय की! चौदाव्या महिन्यात गणपती आले. आरतीला तिच्या पाठीशी झांजा वाजत होत्या आणि ती हातातला मोदक कुस्करत शांत बसून होती. माझ्या पोटात गोळा आला. लोकल तिला ऐकू येत नव्हतीच, खालची लादी थरथरायची ती तिला कळायची.

मग बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी. झोपेचं औषध देऊन तिला मांडीवर निजवलं, कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवल्या. ऑडिओलॉजिस्ट एकेक पायरी आवाज वाढवत गेल्या आणि पडद्यावरची रेघ सपाटच राहिली. त्यांनी लगेच पुन्हा ओएई केली. ती पुन्हा पास.

तुमच्या पहिल्या आक्षेपाचं निम्मं उत्तर इथेच आहे. ओएईत यंत्र कानात टकटक आवाज सोडतं आणि आतल्या कानातल्या बाहेरच्या केसपेशींकडून परत येणारा बारीक प्रतिध्वनी टिपतं. माझ्या मुलीच्या त्या पेशी ठणठणीत होत्या. बिघाड पुढे होता. आतल्या केसपेशींनी मज्जातंतूला निरोप द्यायचा, त्यासाठी ओटोफर्लिन नावाचं प्रथिन लागतं आणि ते बनवणाऱ्या जनुकाच्या तिच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. म्हणजे कान ऐकायचा, पण मेंदूपर्यंत काही पोचायचं नाही. बेरा निरोप पोचला की नाही हे बघते, ओएई ते बघतच नाही.

जनुकाचा रिपोर्ट यायच्या आधीचे महिने कसे गेले, ते सांगते. बहिरेपणाचं कारण माहीत नव्हतं, पण दोष कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. ग्रहणात मी भाजी चिरली होती. सातव्या महिन्यात मी गावी बसने गेले होते. सासूबाई दर पाहुण्याला सांगायच्या, “आमच्या सात पिढ्यांत कुणी बहिरं नाही.” बाई, जनुकाचं नाव घेतलं की बोट सुनेकडे जातं असं तुम्ही म्हणता. आमच्याकडे नाव न घेताच ते गेलेलं होतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी समुपदेशक बाईंनी सासूबाईंनाही आत बोलावलं. कागदावर एक चौकोन काढला, एक वर्तुळ काढलं आणि दोन्ही अर्धे अर्धे काळे केले. एक सदोष प्रत वडिलांकडून आली, एक आईकडून. एकच सदोष प्रत असलेल्याला स्वतःला काही होत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पत्ता लागत नाही. अशा दोघांची गाठ पडली की दर गरोदरपणात बाळ बहिरं होण्याची चारात एक शक्यता. सासूबाई बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आमच्याकडूनही?” ग्रहणाचा विषय त्यानंतर घरात कुणी काढला नाही. मला त्या रात्री कितीतरी महिन्यांनी सलग झोप लागली.

मात्र तुमची भीती खोटी नाही, आणि एका ठिकाणी तर ती पुरती खरी ठरू शकते. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा देणारे कण, त्यांची स्वतःची जनुकं असतात आणि त्यांतला १५५५ या जागेवरचा बदल फक्त आईकडून येतो. तो असलेल्या बाळाला जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही अँटिबायोटिक दिली, तर एखाद्या डोसनेही कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. हीच इंजेक्शनं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जंतुसंसर्गाच्या नुसत्या संशयावरूनही सुरू करावी लागतात. मँचेस्टरमध्ये गालाच्या आतून बोळा फिरवून सुमारे २६ मिनिटांत हा बदल शोधणारी चाचणी वापरून पाहिली गेली आणि २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बदल दिसला तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात आणि बाळाचे कान वाचतात. इथे कागदावर आईचंच नाव येणार, हे मी लपवत नाही. पण तोच कागद त्या बाईच्या भावंडांना, बहिणीच्या मुलांनाही सावध करतो. ज्या शहरात औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी माणसांनी महिनोन्‌महिने अशी इंजेक्शनं घेतली आणि कान गमावले, त्या शहरात हे कळणं मला फार मोलाचं वाटतं.

आता जिथे तुमचं बरोबर आहे ते. “मुंबईतल्या प्रत्येक बाळाची जनुकीय चाचणी आजच सुरू व्हावी” असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मी मागे घेते. ज्या प्रसूतिगृहांत अजून ओएईचं मशीनही नाही, तिथे आधी ते आणि जमेल तिथे ऑटोमेटेड, म्हणजे यंत्र स्वतःच निकाल देतं अशी बेरा आली पाहिजे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हे वेळापत्रक पाळलं गेलं तर बहुतेक मुलं वेळेत सापडतील. शिवाय बाहेरची किट जशीच्या तशी आणून चालणार नाही. बीजिंगने २०१२ पासून नवजात बाळांची अशी चाचणी शहरभर सुरू केली, पण ती तिथल्या लोकांत आढळणारे बदल शोधते. बहिरेपणात बऱ्याचदा सापडणाऱ्या कनेक्सिन २६ या प्रथिनाच्या जनुकात युरोपात ३५डेलजी नावाचा बदल जास्त दिसतो, चीनमध्ये २३५डेलसी आणि आपल्याकडे डब्ल्यू२४एक्स. जो बदल शोधलाच नाही त्याबद्दल ‘निगेटिव्ह’ असा कागद हातात देणं म्हणजे माझ्या त्या ‘पास’च्या चिठ्ठीसारखंच झालं.

तरीही तपासणीत नापास झालेल्या आणि एनआयसीयूत राहिलेल्या बाळांना जनुकीय चाचणी मिळावी, यावर मी ठाम आहे. काही मुलं जन्मतः ऐकतात आणि पुढे डोक्याला साधा मार लागल्यावर त्यांचं ऐकणं झपकन उतरतं. पेंड्रेड नावाच्या आनुवंशिक आजाराच्या जनुकात दोष असला की असं होतं. आईला आधी माहीत असेल तर ती अशा मुलाला झोपाळ्यावर उभं राहू देणार नाही. काही मुलांना बहिरेपणाबरोबर हृदयाच्या ठोक्यांचा जीवघेणा दोष असतो, तो साध्या ईसीजीत दिसतो. पण ईसीजी काढायला आधी कुणाला तरी सुचायला हवं ना?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड गेला. १८८३ मध्ये टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने बहिऱ्यांच्या आपसांतल्या लग्नांविरुद्ध लिहिलं. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने आनुवंशिक बहिरेपणा असलेल्यांची सक्तीने नसबंदी झाली. आणि लांब कशाला जायचं, गर्भातली मुलगी ओळखायला तंत्र हाती आल्यावर आपण काय केलं? महाराष्ट्राला १९८८ मध्येच त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्यामुळे “असं होणार नाही” असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला एवढंच मागता येतं: चाचणी जन्मलेल्या बाळाची, त्याच्या भल्यासाठी आणि आईबापांना विचारूनच व्हावी. रिपोर्ट समुपदेशकाशिवाय हातात पडू नये. नुसतं वाहक असणं, म्हणजे एकच सदोष प्रत असणं, फायलीवर लिहिलं जाऊ नये, नाहीतर उद्या ती मुलगी स्थळांच्या बाजारात अडकेल. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे, शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटने छान ऐकते. रात्री त्याचं बाहेरचं मशीन काढून ठेवल्यावर आम्ही दोघी अंधुक दिव्यात हातांनी बोलतो. ते बोलणं मला कमी प्रतीचं वाटत नाही.

आता तुमची विद्यार्थिनी. तिला सांगा, दोघंही कर्णबधिर असले तरी बाळ बहिरं होईलच असं नाही. बहिरेपणाची जनुकं शंभराहून जास्त आहेत, दोघांची वेगवेगळी असतील तर बाळ बहुधा ऐकणारं असेल. दोघांत एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर मात्र बाळही त्यांच्यासारखंच होईल. हे आधी जाणून घ्यायचं की नाही, ते तिने आणि तिच्या नवऱ्याने ठरवायचं, सासू-सासऱ्यांनी नाही आणि मीही नाही. बाळ कसंही असलं तरी त्याला पहिल्या दिवसापासून आईची खुणांची भाषा मिळणार आहे. माझ्या मुलीला पहिली दोन वर्षं कुठलीच भाषा मिळाली नव्हती.

आणि डिस्चार्जच्या कागदावर ‘पास’ लिहिलेलं असेल, तर कोणती तपासणी पास, ओएई की बेरा, हे तिने लिहून मागून घ्यावं. नुसती ओएई झाली असेल तर तीन महिन्यांच्या आत बेरा करून घ्यावी. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे जाता येईल. सोबत कुणी हवं असेल तर मला कळवा, मी येईन.