बाबांचे ठोके, माझी पाळी
मागच्या श्रावणात बाबांच्या स्मार्ट घड्याळाने पहाटे सूचना दिली: हृदयाचे ठोके अनियमित. सकाळी चहा घेताना त्यांनी सहज मनगट पुढे केलं, "अगं, हे बघ काय म्हणतंय." ना धडधड, ना चक्कर. तरी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मोबाइलवरचा आलेख पाहिला आणि म्हणाले, "काका, एवढ्यावर मी गोळी देणार नाही. पण तपासणी करायचीच." साधा ईसीजी नॉर्मल आला. मग होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र, लावलं. छातीला वायरी, कमरेला यंत्र, बाबा चोवीस तास अवघडलेले. त्यात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याचा विकार, सापडला. रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली.

म्हणून या घड्याळांना कुणी खेळणं म्हटलं की मला पटत नाही. पण घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा कातडीखालचं रक्त कसं वाहतंय तेवढंच बघतो. पट्टा सैल असला, हात हलला की चुकतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अशा घड्याळांवरच्या अभ्यासात ४,१९,२९७ लोक होते. अशी सूचना आली फक्त ०.५२ टक्क्यांना. त्यांपैकी ज्या ४५० जणांनी नंतर ईसीजीची पट्टी लावून परत पाठवली, त्यांतल्या ३४ टक्क्यांत हा विकार दिसला. तो येतो-जातो, म्हणून बाकीच्या सूचना खोट्याच होत्या असंही नाही. निदान डॉक्टरांनीच करायचं.

आणि ही माहिती डॉक्टरांपाशीच राहावी. त्याच महिन्यात आमच्या ऑफिसात चालण्याची स्पर्धा निघाली. ॲप जोडायला गेले तर परवानग्यांची यादी: पावलं, ठोके, झोप, मासिक पाळी. माझं बोट तिथेच थांबलं. पावलं मोजायला माझी पाळी कशाला हवी? एचआरला विचारलं तर म्हणाल्या, "सगळ्यांनी केलंय, तुम्हीच राहिलात."

माहितीवरचं नाव काढून टाकलं की झालं, असं सांगतात. स्ट्राव्हा हे व्यायामाची नोंद ठेवणारं ॲप. लोक कुठे धावतात ते दाखवणाऱ्या त्याच्या नकाशावर २०१८ साली कुणाचंच नाव नव्हतं. तरी जॉगिंग करणाऱ्या सैनिकांमुळे अफगाणिस्तान, सीरियातले लष्करी तळ उजळून दिसले. आपल्याकडे २०२३चा डेटा संरक्षण कायदा आला, पण त्यात आरोग्याच्या माहितीचा वेगळा, जास्त कडक वर्गच नाही. फोन नंबर आणि हृदयाचे ठोके एकाच पंगतीला. हे मला अजिबात मान्य नाही. नोकरी देणाऱ्याला आणि विमा विकणाऱ्याला ही माहिती मागायचीच बंदी हवी.

मी स्पर्धेत नाव दिलं नाही. एचआरला लेखी विचारलंय: ही माहिती कुठे साठते, कोण बघतं, पुसायची कशी? तीन आठवडे झाले, उत्तर नाही.