मुलांना जुने विनोदी सिनेमे दाखवा, पण आधी भाषण नको

"आमच्या मुलांना ते ब्लॅक अँड व्हाईट सिनेमे नाही हो आवडत," असं कुणी म्हणालं की मी विचारते, सुरुवात कशापासून केलीत? बहुतेकदा उत्तर येतं, चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स'. 1936 चा तो सिनेमा थोरच आहे, पण जवळजवळ दीड तासाचा. वर आपण लावण्याआधी "हा फार महान कलाकार बरं का" असं सांगतो. मुलाला लगेच अभ्यासाचा वास येतो.

माझ्या लेकीला सहाव्या वर्षी मी काहीही न सांगता लॉरेल-हार्डीचा 'द म्युझिक बॉक्स' लावून दिला. 1932 चा, जेमतेम अर्ध्या तासाचा. दोन माणसं, एक पियानो आणि न संपणारा जिना. पियानो पहिल्यांदा घरंगळला तेव्हा ती हसली. नंतर मात्र तो घरंगळायच्या आधीच ओरडायला लागली, "अरे, सोडू नका, पडेल!" दिवसभर "नीट धर, सांडशील" ऐकणाऱ्या पोरीला पहिल्यांदाच मोठ्या माणसांपेक्षा जास्त कळत होतं. या सिनेमांची खरी जादू मला इथे दिसते. विनोद समजावून द्यावा लागत नाही, तो मुलाला आधीच दिसलेला असतो.

मूकपटांत संवादांऐवजी पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मी मराठीत वाचून दाखवते, आवाज बदलून. प्रत मात्र चांगली शोधा. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, बरेचदा आजच्यापेक्षा कमी वेगाने; तीच फीत सेकंदाला 24 चित्रांनी चालवली की माणसं नुसती तुरुतुरु पळतात आणि अभिनय हरवतो. आणि आधी एकदा स्वतः बघा. काही फितींमध्ये कृष्णवर्णीयांची केलेली टिंगल मला मुलीसमोर नको वाटते.

मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन, त्याच्या 'स्टीमबोट बिल, ज्युनियर'मध्ये (1928) घराची आख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि वरच्या उघड्या खिडकीमुळे तो वाचतो. "हे कॉम्प्युटरवर केलंय?" नाही गं, भिंत खरीच पडली, तो ठरलेल्या जागी उभा होता. तिने ते पुन्हा लावायला सांगितलं आणि या वेळी फक्त त्याच्या पायांकडे बघत बसली.

चॅप्लिन आम्ही शेवटी आणला, 'द गोल्ड रश' (1925). उपाशी चॅप्लिन बूट उकडून खातो तिथे ती खदखदून हसली. मग मध्येच थांबून म्हणाली, "आई, त्याच्याकडे खरंच दुसरं काहीच नाहीये का?"