बाळंतपणानंतरचं रक्त अंदाजाने नको, मापाने सांगा

बाळंतपणानंतर अंगावरून किती गेलं, हे अजूनही पुष्कळ ठिकाणी भिजलेले पॅड बघून ठरवतात. नजरेचा अंदाज बहुधा कमीच भरतो. कोकणात ते फार महागात पडतं. सावंतवाडीहून गोव्यातल्या बांबोळीचं मोठं रुग्णालय किंवा कणकवलीहून घाट चढून कोल्हापूर गाठायचं, तर १०८ च्या गाडीत बसवण्याआधी जे केलं तेवढंच हाती असतं.

म्हणून २०२३ ची 'ई-मोटिव्ह' चाचणी आपल्या कामाची. आफ्रिकेतले चार देश, दोन लाखांवर बाळंतपणं. बाळ बाहेर आलं की लगेच बाईच्या खाली खुणांचा प्लास्टिक ड्रेप, म्हणजे रक्त साठवून मोजणारी पिशवीसारखी चादर, सरकवायचा. आधी सरकवला तर गर्भजल साठतं आणि आकडा फुगतो. दर १५ मिनिटांनी आकडा, नाडी, बीपी. ५०० मिली झालं, किंवा ३०० वरच नाडी-बीपी बिघडायला लागली, की गर्भाशय चोळणं, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाइन आणि आतली तपासणी, सगळं एकदम सुरू. एक करून बघू, मग दुसरं, हे बंद. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के, इथे १.६.

यात एकही औषध नवं नाही! असा ड्रेप तर वीस वर्षांपूर्वी बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधनात वापरला होता, म्हणजे आंबोली घाटाच्या पलीकडेच. आपल्याकडच्या किती लेबर रूममध्ये तो आहे, एकदा विचारून बघा.

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. पावसात दोन दोन दिवस लाइट जाते तिथे फ्रीजच्या तापमानाची नोंद रोज बघा. गरम झालेलं इंजेक्शन दिसायला तसंच असतं, पण गुण उतरतो. उष्णता सोसणारं कार्बेटोसिन आलंय. ते रक्तस्राव होऊ नये म्हणून देतात, सुरू झालेला थांबवायला नाही.

ट्रॅनेक्झॅमिक १ ग्रॅम, शिरेतून, १० मिनिटांत, प्रसूतीपासून ३ तासांच्या आत. दर १५ मिनिटांच्या उशिराने फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो. त्याचे अँप्युल भूल देण्याच्या औषधाशेजारी ठेवू नका. चुकून मणक्यात दिलं गेल्याने बायका दगावल्या आहेत.

आणि रेफर चिठ्ठीवर 'भरपूर रक्तस्राव' असं मोघम नको. किती मिली आणि ट्रॅनेक्झॅमिकचा पहिला डोस किती वाजता, हे लिहा. अर्ध्या तासानंतरही रक्त थांबलं नाही तर दुसरा ग्रॅम द्यायचा असतो, आणि तो पुढच्या डॉक्टरला त्या वेळेवरूनच ठरवावा लागतो.