हिरवी पावलं

आमच्या न्यू जर्सीच्या घरात फ्रिजवर लेकीच्या शाळेचं कॅलेंडर आणि समोरच्या भिंतीवर आईने पुण्याहून आणलेलं कालनिर्णय, अशी दोन पंचांगं एकमेकांकडे बघत लटकलीयेत आणि मधे मी. सरकारी सुट्ट्या वर्षाला 11, पण प्रायव्हेट कंपनीला त्या देण्याची सक्ती नाही, त्यामुळे माझ्या ऑफिसला त्यातल्या जेमतेम 6 मान्य. शाळेचं मात्र उलटं. नोव्हेंबर तर विचारूच नका, मंगळवारी मतदान म्हणून सुट्टी, बऱ्याचदा त्याच आठवड्यात गुरुवार-शुक्रवार शिक्षकांचं अधिवेशन अटलांटिक सिटीला म्हणून सुट्टी, मग थँक्सगिव्हिंग आहेच, आणि मी कॅमेरा बंद करून मीटिंगमध्ये, मांडीवर लेक.

यंदा जानेवारीत आई आली आणि रोज सकाळी फ्रिजपाशी उभी राहून जाब विचारायला लागली.

2 फेब्रुवारीला टीव्हीवर पेन्सिल्वेनियातला तो पंक्सटॉनी फिल, म्हणजे एक गुबगुबीत ग्राउंडहॉग, खारीच्या कुळातला बिळात राहणारा प्राणी, उंच टोप्या घातलेली माणसं त्याला बिळातून काढून उचलून धरतात, सावली दिसली तर अजून 6 आठवडे थंडी. 1887 पासून चाललंय. मला वाटलं आई हसेल, तर ती म्हणाली, "मग काय, आपला नंदीबैल नाही का मान हलवत? पण तो बिचारा दारात येतो तरी."

प्रेसिडेंट्स डेला मात्र तिचं डोकं सटकलं. सरकारी कागदात ती सुट्टी अजून वॉशिंग्टनचा वाढदिवस म्हणूनच आहे. वाढदिवस 22 फेब्रुवारीचा, पण 1968 साली कायदा केला आणि 1971 पासून सुट्टी तिसऱ्या सोमवारी, लोकांना लाँग वीकेंड मिळावा म्हणून. आईने बोटांवर मोजलं. तिसरा सोमवार 15 ते 21 मधेच येणार, 22 ला येऊच शकत नाही. "अगं म्हणजे त्या माणसाचा वाढदिवस त्याच्या वाढदिवसाला कधीच नाही?" शिवजयंती तारखेने की तिथीने यावर आयुष्यभर भांडण ऐकलेली बाई, पण वाराने जयंती तिला झेपेना. मी गप्प बसले, कारण आम्ही इथे गणपती सोयीच्या शनिवारी बसवतो हे तिला अजून सांगितलेलं नव्हतं.

त्याआधी व्हॅलेंटाइनची 23 कार्डं. वर्गातल्या प्रत्येकाला द्यायचंच, कुणी वगळायचं नाही, ज्याने पेन्सिल मोडली त्यालाही. रात्री 10 पर्यंत नावं लिहिली, आई शेजारी बसून म्हणे, "तिळगूळ एका डब्यात नेतात, संपलं."

पण खरी परीक्षा 17 मार्च, सेंट पॅट्रिक डे. आयर्लंडशी आमचा संबंध रोजच्या बटाट्यापुरता, तरी शाळेतून चिठ्ठी आली की घरी लेप्रेकॉनचा सापळा बनवा. लेप्रेकॉन म्हणजे आयरिश गोष्टीतला टीचभर बुटका, सोन्याचा हंडा राखणारा. बुटांचा खोका, हिरवा कागद, आत चॉकलेटची सोनेरी नाणी, लेक झोपली की मी रात्री बाराला नाणी पळवायची, खुर्च्या उलट्या करायच्या, दुधात हिरवा रंग आणि फरशीवर दारापासून खोक्यापर्यंत हिरवी पावलं. सगळं केलं. कंबर धरून झोपले.

पहाटे 5 ला आई उठली, खुर्च्या सरळ केल्या, दूध नासलं म्हणून सिंकमध्ये ओतलं आणि फरशी पुसून लख्ख केली.

साडेसहाला लेक उठली आणि भोकाड पसरलं. लेप्रेकॉन आलाच नाही, सगळ्यांकडे आला आणि आपल्याकडे नाही! आईला मी स्वयंपाकघरात नेऊन घाईघाईत सगळं सांगितलं. एवढंच होय, म्हणाली, तांदळाच्या पिठीत हिरवा रंग कालवला आणि मी लेकीला बाथरूममध्ये दात घासत अडकवून ठेवलं तेवढ्यात मुठीचे ठसे उमटवून वर बोटांनी पाच टिंबं, झाली पावलं, उंबऱ्यापासून खोक्यापर्यंत तीन मिनिटांत. गौरी आणायच्या पावलांची चाळीस वर्षांची सवय.

लेक खूश. मग कंबरेवर हात ठेवून तिने पावलांची तपासणी केली.

"आजी, हा अनवाणी का?"

"घरात चपला घालून येतात का कुणी?"

"पण सगळी पावलं आतच येतायत. तो बाहेर कुठून गेला?"

आई म्हणाली, "बाहेर जाणारी पावलं काढायची नसतात गं."

तेव्हापासून लेक रोज रात्री सोफ्याखाली टॉर्च मारून बघते. आणि रिकाम्या हाताने नाही, आत एक बिस्किट सरकवून येते, ते सकाळपर्यंत संपवायची ड्यूटी माझी.