‘मोबाईलवर मोजा, मोजणी फी वाचवा’ म्हणणाऱ्यांसाठी

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. “शेतकऱ्यांनो, जागे व्हा! मोजणीच्या नावाखाली चाललेली लूट थांबवा. सरकारी नकाशा मोबाईलवर घ्या, गूगलवर चढवा, आपली हद्द आपणच बघा. सॅटेलाइट खोटं बोलत नाही. ही मोजणी कोर्टातही चालते. ड्रोनने सगळी जमीन मोजून झाली, जुने नकाशे रद्द. शेजाऱ्याने सही केली नाही तर सरकारी मोजणी तशीही बाद होते.” खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’. एरवी मी असलं वाचायच्या आधीच पुसतो. पण परवा आमच्या मामांनी याच मेसेजच्या भरवशावर शेजाऱ्याचा बांध काढायला जेसीबी सांगून ठेवला. म्हणे, “आपलं 8 फूट आत दाबलंय त्यानं, मोबाईलवर स्वच्छ दिसतंय!”

तर आधी त्या ‘स्वच्छ’ दिसण्याचंच बघू. महाभूनकाशाच्या, म्हणजे सरकारी जमीन-नकाशांच्या साइटवर दिसतो तो गावनकाशा, सगळ्या गावाचा एकत्र नकाशा. आपल्याकडचे बहुतेक जुने गावनकाशे 8 इंचांना 1 मैल या मापाचे, म्हणजे 1 इंचाला 660 फूट. नकाशावरची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तरी जमिनीवर ती 13 फुटांची होते. मामांचे 8 फूट त्या रेघेच्या जाडीतच संपले. त्यात तो कागद पिढ्यान्‌पिढ्या घड्या पडून आकसलेला, फाटलेला, मग स्कॅन केलेला. त्याच्याखाली गूगलचं चित्र, तेही जागेवरून थोडं सरकलेलं असू शकतं. वर फोनचं जीपीएस, जे मोकळ्या आभाळाखालीसुद्धा 3 ते 5 मीटर चुकतं. 100 मीटर लांबीचा बांध 3 मीटर सरकला की जवळपास 3 गुंठे गेले. कुणाचे गेले, हे तुम्ही फोन घेऊन कुठल्या झाडाखाली उभे होतात त्यावर.

भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, गावनकाशाच्या रेघा बघून दगड रोवत नाही. तो गटाचं टिपण (मूळ मोजणीतली मापं लिहिलेला कच्चा नकाशा), फाळणी (पोटहिश्शांच्या मोजणीचा तसाच नकाशा) असलं मूळ रेकॉर्ड काढून आणतो. जुन्या टिपणांतली मापं साखळी-आण्यांत लिहिलेली असतात. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. (आपला गुंठाही 33 बाय 33 फूट, तो याच साखळीचा.) मग तो शेजारच्या गटांचे जुने दगड, विहिरी, पक्के बांध शोधतो, त्यांचा टिपणाशी मेळ घालतो आणि तिथून हद्द काढतो. आता मोजणीच्या जुन्या फळीच्या, प्लेन टेबलाच्या जागी रोव्हर आलाय, म्हणजे उपग्रहावरून नेमकी जागा सांगणारं यंत्र. तो सेंटीमीटरमध्ये माप देतो. पण तुमची हद्द कुठली हे रोव्हरलाही टिपणावरूनच दाखवावं लागतं.

आता ‘कोर्टात चालते’. हे ज्याने लिहिलं त्याने कोर्टाची पायरी तरी पाहिली आहे का? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 काढा, कलम 136 वाचा. हितसंबंधिताच्या अर्जावरून सर्व्हे नंबरची किंवा पोटहिश्शाची हद्द आखून द्यायची आणि खुणा बसवायच्या, हे काम त्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलंय. प्रत्यक्षात ते भूमी अभिलेखची माणसं करतात. त्यासाठी नियम करून फी घ्यायची तरतूदही तिथेच आहे. मोबाईलचा स्क्रीनशॉट घेऊन गेलात तर वकीलसुद्धा आधी विचारेल, ‘मोजणीची क प्रत कुठाय?’ (म्हणजे सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा). आणि हद्दीचा दगड मुद्दाम उपटला तर त्याच संहितेत दंड आहे. तो मेसेज पाठवणारा भरणार नाही.

ड्रोनचं तर अर्धं ऐकून पूर्ण ठोकून दिलंय. ड्रोन उडाले, खरं आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी प्रयोग झाला, मग 2020 मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. पण ती गावठाणासाठी, घरांच्या जागांसाठी. शेतीचे गट त्यात येत नाहीत, त्यामुळे त्यांचे नकाशे रद्द व्हायचा प्रश्नच नाही. गावठाणातही ड्रोन वर जाण्याआधी घरांच्या कडेने चुन्याची रेघ मारतात. वरून फोटो त्या रेघेचा निघतो. ती मारताना भाऊबंद भांडले तर ड्रोन काय करणार!

राहिली लूट. डिसेंबर 2024 पासूनच्या दरात ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला 2 हजार रुपये, द्रुतगतीला 8 हजार. पाऊण एकरवाल्याला 2 हजारही जड जातात, कबूल. आणि मेसेजमागचा राग कुठून येतो तेही माहीत आहे. तारीख मिळते, मजूर सांगून ठेवतो, दगड-चुना आणून ठेवतो आणि साहेब येतच नाहीत. चहापाण्याचं वेगळंच. हे आमच्याही घराने भोगलंय. त्याची तक्रार करा, लेखी करा, मी सही करतो. पण फी वाचवायला दिवाणी दावा अंगावर घेण्यात कसली बचत? एका तारखेला तालुक्याला जाऊन आलात की कळेल.

शेजाऱ्याच्या सहीचं थोडक्यात. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. नोटीस मिळूनही तो आला नाही, किंवा येऊन सही न करताच गेला, तर तशी नोंद होते, मोजणी बाद होत नाही. मोजणीचा निकाल पटला नाही तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा अर्ज करता येतो, त्यालाही आणि तुम्हालाही. त्याची फी वेगळी भरावी लागते.