पालींचा शृंगार आणि माझी झोप

आमच्या खोलीतला दिवा कधी मालवायचा, हे हल्ली पाली ठरवतात. ट्यूबलाइटमागे एक नर मुक्कामाला आहे. त्याची चुकचुक म्हणजे इतर नरांना दम आणि माद्यांना आमंत्रण, दोन्ही एकाच आवाजात. मनात चुकचुकणारी शंकेची पाल परवडली, ती निदान अंगावर तरी पडत नाही.

खरं तर पालीने पडूच नये. तिच्या बोटांखाली डोळ्यांना न दिसणारे लाखो बारीक केस असतात. त्यांच्या टोकांचे रेणू आणि भिंतीचे रेणू यांच्यातल्या आकर्षणावर ती गुळगुळीत काचेवरसुद्धा चढते. पण मादी आली की नराचं भान सुटतं आणि रेणूंचं आकर्षण मागे पडतं. मग तो प्रेमात पडतो, तो थेट माझ्या उशीवर.

बरं, त्या प्रेमात रसिकता म्हणाल तर शून्य. शेपटी जराशी वळवळवायची, सरपटत जवळ जायचं आणि मादीची मान जबड्यात धरायची. बघणाऱ्याला वाटावं, आता हिचा खेळ संपला! एवढ्या अरसिक प्राण्याला निसर्गाने जननेंद्रियं मात्र दोन दिली आहेत. एका वेळी वापरतो एकच. दुसरं बहुधा पंचनाम्यासाठी.

इतर प्राणी निदान कष्ट तरी घेतात. कोळ्यांच्या एका जातीत नर माशी मारून रेशमात गुंडाळून भेट नेतो. त्यातले काही लबाड आत नुसता चोथा बांधतात आणि मादी पुडकं सोडेपर्यंत कार्यभाग उरकून घेतात. (भेटवस्तूचं आवरण जाडजूड का असतं, हा माझा जुना प्रश्न तेव्हा सुटला.) पाणघोड्याचा नर शेपटीच्या पंख्याने स्वतःचं शेण चौफेर उडवतो. त्यामानाने पाल सभ्यच म्हणायची. खोल समुद्रातल्या काही अँगलर माशांचा चिमुकला नर मादीला चावतो तो कायमचाच. त्याची कातडी तिच्या कातडीत मिसळते, रक्तही तिच्याकडूनच येतं. घरजावई याहून किती घरचा होणार?

पालीची मादी मात्र हिशेबी. बऱ्याच जातींत ती नराचे शुक्राणू महिनोन्‌महिने शरीरात साठवते आणि त्याचं तोंडही न बघता पुन्हा अंडी घालते. पॅसिफिक बेटांवरच्या एका जातीच्या माद्यांना तर नर लागतच नाही. ही माहिती मी बायकोला फार उत्साहाने वाचून दाखवली. तिने ती जरा जास्तच लक्ष देऊन ऐकली.

आता कपाटामागे दोन पांढरी, टणक अंडी सापडली आहेत. पिल्लं बाहेर यायला साधारण दीड-दोन महिने लागतात म्हणून बायकोने कपाटामागची सफाई तोपर्यंत तहकूब केली आहे. माझ्या कुठल्याही कामाला एवढी मुदत आजवर मिळालेली नाही.